गुंडूअण्णांचं काखेतलं माप

या, अशा जवळ येऊन बसा. उंबऱ्यावरूनच "बरं आहे ना अक्का" विचारून पळणारी माणसं मला आवडत नाहीत. मळमड्डीत येता, माझ्या फाटकावरून जाता आणि आत यायला भिता. कशाला भिता ते मला ठाऊक आहे. आमचे गुंडूअण्णा तुमच्या काखेत सायकलची सीट घालतील म्हणून.

घालतातच ते, खोटं कशाला बोलू? जुनी सायकल घ्यायला आलेल्याला अण्णा नाव-गाव विचारत नाहीत, "हात वर करा" म्हणतात. सीट काखेत, हात सरळ खाली, आणि बोटांची टोकं पायडलच्या मधल्या आसाला टेकली तर सायकल तुमची. नाही टेकली तर आगूदिल्ल. कानडीत म्हणजे जमायचं नाही, पण अण्णांच्या तोंडी तो वरच्या कोर्टाचा निकाल.

अण्णा समोरच्याच घरात राहतात. रेल्वेच्या पार्सल खात्यात जन्म गेला. गोणपाटात बांधलेल्या सायकली चढवता-उतरवता ही विद्या आली म्हणतात. वहिनी गेल्यापासून घरी एकटेच.

तर झालं असं, माझा रवी बेंगळूरला नोकरीला गेला आणि त्याची गिअरची सायकल आमच्या बोळात राहिली. कॉलेजात हट्टानं घेतलेली. जाड टायर, आडवं हँडल, डोंगर चढायची म्हणे. डोंगर कसला, फार तर उणकलचं तळं पाहिलं असेल तिनं. येता-जाता माझी नडगी पायडलला आपटायची. रवी फोनवर म्हणाला, आई, विकून टाक. म्हणून मी अण्णांना किंमत करायला बोलावलं.

अण्णांनी किल्लीनं फ्रेमची नळी वाजवली, कान लावला, डोळे मिटले. "खोकत नाही," म्हणाले. चीर गेलेली नळी खोकते म्हणे. मग ब्रेकची रबरं चाचपली, सीटवरून हात फिरवला आणि माझ्या पोराची कुंडलीच मांडली. मागचं रबर झिजलेलं, पुढचं कोरं, म्हणजे मुलगा भित्रा. सीट एका बाजूला दबलेली, म्हणजे एक पाय टेकून कुणाच्या तरी दाराशी तासन्‌तास उभा राहायचा. कुणाच्या ते सायकल सांगत नाही म्हणाले. रवीला विचारलं तर त्यानं बेंगळूरच्या हवेचा विषय काढला.

"अशी पोलादी नळी आता येत नाही, अक्का. भंगारवाल्याला दाखवूसुद्धा नका. माणूस बघून देऊ."

तेव्हापासून माणूस बघणं चालू झालं. विकेपर्यंत हवा राखली पाहिजे म्हणून अण्णा रोज संध्याकाळी पंप घेऊन यायचे. टायर दाबायचे, चहा घ्यायचे, जाताना पुन्हा टायर दाबायचे.

रायापूरचे एक वकील आले, कोर्टातून तसेच काळ्या कोटात. काखेत सीट घेऊन वाकले तर कोट ब्रेकला अडकला, आणि गल्ली जमेपर्यंत बिचारे तसेच. बोटं काही टेकेनात. सीट खाली करता येते की हो, वकील म्हणाले. "सीट येईल. फ्रेम कशी येईल? चप्पल मोठी झाली तर पाय वाढवता का?" आगूदिल्ल. एक उंच मास्तर आले, त्यांची बोटं आसाच्या पार पलीकडं गेली. आगूदिल्ल. एकाचं माप जमत होतं, पण अण्णा नळी ऐकत असताना तो शिंकला.

मग उणकलहून सुजाता आली, शाळेत खेळ शिकवणारी. बोटं नेमकी टेकली. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभी राहिली, तर दांडीवर हवी तेवढीच जागा उरली. गल्लीत एक फेरी मारली, चेन घसरली नाही. मी मनात नडगीला म्हटलं, सुटलीस बाई.

अण्णा सायकलभोवती फिरले, पुन्हा फिरले. शेवटी घंटा वाजवली. घंटा बरोबर वाजत नाही म्हणाले, आगूदिल्ल.

सुजाता हसली. नवी घंटा घालीन की म्हणाली. अण्णा पायरीवर बसले, पंप मांडीवर आडवा घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"म्हणजे अक्का, उद्यापासून हवा बघायला यायला नको."

मी तरी काय करू, सांगा. उठले, घंटा वाजवली. चांगली खणखणीत वाजली हो. "नाही गं," मी सुजाताला म्हटलं, "फारच वाईट घंटा आहे. आगूदिल्ल."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मग पायरीकडं पाहिलं. शहाणी पोर. "घंटा सुधारली की कळवा," म्हणाली, आणि चुरमुऱ्यांचं गिरमिट खाऊन गेली. अजून येते मधूनमधून, घंटेची चौकशी करायला.

सायकल बोळातच आहे. माझ्या नडगीला कायमचा डाग पडलाय. पण बरेच दिवस गिऱ्हाईक फिरकलं नाही की अण्णांना वाटायला लागतं, आपण उगीच येतो की काय. मग पंप घरीच ठेवतात आणि खिडकीतूनच टायरची तब्येत विचारतात. मला ते बघवत नाही.

म्हणून म्हणते, पुन्हा लवकर या. सायकल बघायला आलोय एवढंच म्हणा. हात आखूड असोत की लांब, काखेत थोड्या गुदगुल्या होतील तेवढ्या सोसा. गिरमिट मी करून ठेवते. आणि चुकून बोटं नेमकी टेकायला लागलीच, तर कोपर जरा वाकवा.