नावाचा शेवटचा तुकडा

शमुवेलमामांकडून औषध घ्यायचं म्हणजे आधी परीक्षा द्यावी लागे. भिंगारच्या बाजारात त्यांचं औषधांचं दुकान होतं. एका हातात पुडी घट्ट धरून, दुसऱ्या हाताच्या बोटानं फळीवर ठोके देत ते औषधाचं इंग्रजी नाव तोडून तोडून म्हणायचे आणि शेवटच्या तुकड्याशी थांबायचे. तो गिऱ्हाइकानं म्हणायचा. त्याशिवाय पुडी सुटत नसे.

लढाईचे दिवस. सल्फाच्या गोळ्या नव्यानंच आल्या होत्या आणि नावं तर मालगाडीएवढी लांब. एकदा श्रीगोंद्याकडचा एक शेतकरी धापा टाकत आला.

"मामा, पोरगं हगवणीनं पार गळून गेलंय. बिगी बिगी द्या."

"देतो की. सल्-फा-ग्वा-नि..." मामा थांबले.

"आवो, मला काय इंग्रजी येतंय व्हय?"

"नुसतं 'डीन' म्हण. एवढंच."

"डीन! डीन! डीन! झालं का? द्या आता!"

"शाब्बास! बघ, कसं पुरं केलंस!" मामांचा चेहरा खुलला आणि पुडी सुटली.

मी छावणीतल्या कचेरीत कारकून. दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन आलेल्या माणसाला ही शाळा कशी सोसावी? मेला तो डीन! दातओठ खात मी म्हणायचो आणि पुडी ओढून घ्यायचो. म्हातारा चक्रम आहे, असं सगळ्या बाजाराचंच मत होतं.

एका रविवारी आमच्या धाकटीला हगवण लागली. दुकान बंद, म्हणून मामांचं घर शोधत देवळामागच्या ख्रिस्ती आळीत गेलो. दार उघडंच होतं. खाटेवर त्यांच्या पत्नी रूथबाई पडल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. मामा त्यांच्या तळहातावर बोटानं ठोके देत होते.

"सल्-फा-पि-रि..."

मामा थांबले. बाईंचे ओठ हलले, पण नुसता वाराच बाहेर आला. मामांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मला पाहून ते ओशाळले. किल्ली घेऊन माझ्याबरोबर निघाले. वाटेत म्हणाले, "अर्धांग झालं हो तिला. वाचा गेली. मिशनच्या दवाखान्यात ती नर्स होती आणि मी बाटल्या धुवायचो. लांबलांब नावं मला तिनंच अशी तोडून शिकवली. शेवटचा तुकडा माझ्यासाठी ठेवायची. आता पाळी माझी."

थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाले, "घरी कुणी पुरं करत नाही. दुकानात कुणी केलं, की बरं वाटतं. एकदा म्हणू दे तिला. बास, मग काही नको."

पुढं मी दुकानात गेलो, की सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा 'डीन' म्हणायचो.

थंडीत रूथबाई गेल्या. तेवढा एक तुकडा काही त्यांच्या तोंडून आला नाही.

काही दिवसांनी दुकान उघडलं. माझ्या छातीत कफ भरला होता, म्हणून गोळ्या आणायला गेलो. मामांनी पुडी बांधली, फळीवर बोट ठेवलं.

"सल्-फा-पि-रि..."

मी तोंड उघडून तयारच होतो.

"...डीन," मामाच म्हणाले. थांबलेच नाहीत. पुडी माझ्या हातावर ठेवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.