हेर श्टुकींची दुरुस्ती

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या या इमारतीत मी राहायला आले, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर एक टाइप केलेली चिठ्ठी होती. चारही कोपऱ्यांना नीट कापलेली चिकटपट्टी.

'दुरुस्ती. काल जिन्यात आम्ही आपणांस सांगितले की कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. ती बुधवारी येते. चुकीबद्दल दिलगीर आहोत.'

हे 'आम्ही' म्हणजे तळमजल्यावर एकटे राहणारे हेर वेंडेलिन श्टुकी. (जर्मनमध्ये 'हेर' म्हणजे श्रीयुत.) वय ऐंशीच्या पुढे, उंची दाराएवढी, अंगावर बारा महिने एकच हिरवट कोट. आई जर्मन, वडील स्विस. जर्मनीत त्यांना स्विस म्हणत, स्वित्झर्लंडमध्ये जर्मन म्हणत, आणि आमच्या इमारतीत नुसतंच 'डाउनस्टेअर्स' म्हणतात. झुरिचच्या एका वर्तमानपत्राचे लंडनमधले वार्ताहर म्हणून त्यांनी सगळी हयात काढली. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी पानाच्या तळाशी दुरुस्ती छापतात. निवृत्तीनंतर त्यांचं पान गेलं, पण दुरुस्तीची सवय गेली नाही. म्हणून आमची दारं.

वरच्या मजल्यावर साने काका राहतात. हॉस्पिटलातून रिटायर झालेले डॉक्टर. त्यांच्या गणपतीला हेर श्टुकी आले, चार मोदक खाल्ले, पाचवा नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी काकांच्या दारावर: 'दुरुस्ती. पाचवा मोदक नाकारताना आम्ही पोट भरल्याचे कारण दिले. ते असत्य होते. आम्ही लाजलो होतो.' काकू पाचवा मोदक घेऊन खाली गेल्या. काका मात्र अजून धुसफुसतात. "अगं, या माणसाशी कॅज्युअली बोलायची सोयच नाही. मी वेदरबद्दल बोललो तरी रायटिंगमध्ये रिप्लाय येतो."

हेर श्टुकींचा दुसरा रोग म्हणजे 'स्रोत'. कुठलीही गोष्ट दोन स्रोतांशिवाय खरी नाही. एकदा मी भिजून आत शिरले आणि बाहेर पाऊस आहे म्हणाले. माझ्याकडे निरखून बघत त्यांनी, हा एक स्रोत झाला, असं कबूल केलं. मग दार उघडून हात बाहेर काढला आणि तेव्हा कुठे छत्री घेतली. बोलताना दर दोन वाक्यांनी 'अचूक सांगायचं तर' येतं. त्यांना कसं आहे विचारलं तर बरं आहे म्हणून सुटत नाहीत. अचूक सांगायचं तर डावा गुडघा सोडून बरं आहे.

आणि मला ते 'फ्राउ कोलेगिन' म्हणतात, म्हणजे एकाच धंद्यातल्या बाई, कारण मी पत्रकं लिहिते. मला याचा राग येत असे. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. नागपूरच्या आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी संप-मोर्च्यांची पत्रकं आली. बाबा ती लिहायचे, आई घड्या घालायची, मी वाटायची. 'जाहीर निषेध' मला 'ये रे ये रे पावसा'च्या आधी पाठ होतं. हेर श्टुकींनी मात्र आयुष्यात एक कादंबरी लिहिली होती आणि तिच्या अकरा प्रती काचेच्या कपाटात ठेवल्या होत्या. विषय, एका खेड्यातली बेकरी. जग पेटलेलं असताना चारशे पानं पावावर. मी त्यांना तोंडावर हे म्हटलं होतं. ते म्हणाले, अचूक सांगायचं तर तीनशे एक्याण्णव.

आमचं खरं वाजलं ते जानेवारीत. इमारतीचं हीटिंग बंद पडून आठवडा झाला होता. मालकाचं ऑफिस फोन उचलत नव्हतं. मी पत्रक काढलं, 'आम्ही गोठणार नाही', आणि प्रत्येक मजल्यावर लावलं. त्यात एक झणझणीत वाक्य होतं: रहिवासी कुडकुडत असताना केअरटेकर टेरी बॉयलररूमची किल्ली खिशात घालून स्पेनच्या उन्हात पडला आहे. हे मला कुणी सांगितलं? कुणीतरी जिन्यात. तासाभरात प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक पट्टी चिकटली.

'दुरुस्ती. टेरी स्पेनला नाही. तो साउथहॅम्प्टनला आईच्या ऑपरेशनसाठी गेला आहे. किल्ली त्याने मालकाच्या ऑफिसात दिली होती. स्रोत: टेरी, टेरीची आई.'

मी तरातरा खाली गेले. लढ्याच्या मध्यात आपल्याच बाजूचा माणूस पत्रकाला छेद देतो, याला आमच्या घरी फितुरी म्हणतात, आणि ते मी त्यांना इंग्रजीत जमेल तसं सुनावलं. किल्ली कुठे का असेना, रेडिएटर थंड आहेत. मुख्य मुद्दा खरा आहे.

हेर श्टुकी दोन स्वेटरांवर कोट घालून बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली. कॉफी केली. मग कपाटातली एक प्रत काढून टेबलावर ठेवली.

"माझ्या कादंबरीचाही मुख्य मुद्दा खरा होता, फ्राउ कोलेगिन."

ती बेकरी त्यांच्या वडिलांची होती. मुलगा पाव भाजायचा सोडून इंग्लंडला बातम्या लिहायला गेला, म्हणून वडील रुसलेले. बेकरी थोरल्या बहिणीनं, व्हेरेनानं चालवली. कादंबरीत शेवटी बाप मरणाच्या दारात असतो आणि बहीण भावाला तार करत नाही, म्हणून भावाला त्याचं तोंडही दिसत नाही. समीक्षकांना ते प्रकरण फार आवडलं. गावालाही. गावानं ते खरंच मानलं, आणि व्हेरेनाकडून पाव घेताना लोक तिच्याकडे तसंच बघायला लागले. तेव्हापासून ती भावाशी एक शब्द बोललेली नाही.

"तार आली होती," हेर श्टुकी म्हणाले.

मग त्यांनी एक जाडजूड फाइल काढली. कचऱ्याच्या गाडीची चूक एका रात्रीत दुरुस्त करणारा हा माणूस तीस वर्षं ही एक दुरुस्ती लिहीत होता. दोनशे सोळा पानं. पार्श्वभूमी, संदर्भ, तळटीपा. अजून पाठवण्याजोगी झाली नव्हती. आणि या नाताळात गावाकडच्या एका चुलतभावानं कार्डावर लिहिलं होतं, व्हेरेनाचं हृदय थकलंय, उन्हाळ्यापर्यंतही खात्री नाही.

"तुम्ही एका पानात माणसाला फाडता," ते म्हणाले. "माझ्यासाठी एक पान लिहाल?"

मी हसायला हवं होतं. दोनशे सोळा पानी माफी ही हसण्याचीच गोष्ट आहे. पण मी बाबांचा नियम सांगितला: वाचणारा उभा आहे, पाऊस पडतोय, बस येतेय. काय झालं आणि कुणी केलं, एवढंच लिहायचं. ते इंग्रजीत सांगत गेले, मी पानंच्या पानं उडवत गेले. एका जागी मीच अडले. तार आली तेव्हा ते साउथहॅम्प्टनला गोदी कामगारांच्या संपाची बातमी करत होते. मी म्हटलं, हे ठेवा, हे चांगलं कारण आहे. आमच्या घरात संपासाठी लग्नं पुढे ढकलली आहेत.

त्यांनी कप बाजूला सरकवला.

"संप आदल्या दिवशी मिटला होता."

"मग तुम्ही काय करत होतात?"

"गोदीवर बसून बोटी बघत होतो. शेवटच्या क्षणी वडील मला काय म्हणतील, याची भीती वाटत होती."

पत्र सहा ओळींचं झालं. 'दुरुस्ती. मी लिहिले की तार आली नाही. तार सोमवारी सकाळी आली. मी निघालो नाही. बाबा मंगळवारी गेले. निघालो असतो तर भेटलो असतो. दोष तुझा नव्हता, माझा होता.' तेवढं जर्मनमध्ये टाइप करायला त्यांना सगळी दुपार लागली. पेटीत टाकायला मी बरोबर गेले, कारण ते पेटीपर्यंत जाऊन परत येतील अशी मला शंका होती.

त्याच संध्याकाळी मी नवं पत्रक काढलं. वर टेरीची माफी, खाली मालकाच्या ऑफिसची खरडपट्टी. बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पत्रकात माफी? आपल्याकडे हे कुणी केलं नाही." मी विचारलं, आपण कधी चुकलोच नाही का? बाबा म्हणाले, आवाज तुटतोय, नंतर बोलू.

हीटिंग आलं. फेब्रुवारी गेला. हेर श्टुकींनी दुरुस्त्या लावणं बंद केलं. कचऱ्याचा वार सणासाठी बदलला तरी कुणाच्या दारावर चिठ्ठी नाही. साने काका सुद्धा जिन्यात थांबून म्हणाले, "अगं, डाउनस्टेअर्स ठीक आहेत ना? फार शांतता आहे." रोज अकराला हेर श्टुकी पोस्टमनला विचारत, काही आहे का. तो नाही म्हणाला की मला विचारत. दोन स्रोत.

मार्चमधल्या एका शनिवारी मी खरेदीहून आले, तर त्यांच्या स्वतःच्या दारावर एक पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. कापऱ्या हातानं लिहिलेलं जर्मन, आणि खाली, इमारतीतल्या सर्वांच्या माहितीसाठी, टाइप केलेलं भाषांतर.

'दुरुस्ती. तुझ्या पत्रात बाबा मंगळवारी गेले असे आहे. ते सोमवारी पहाटेच गेले. तार तुझ्या हाती पडली तेव्हा ते नव्हते. ते गेल्याची दुसरी तार मी मंगळवारपर्यंत धरून ठेवली, कारण वाटले, तू ते जिवंत आहेत म्हणून तरी येशील. व्हेरेना.'

दार उघडंच होतं. हेर श्टुकी आत कोट घालून उभे होते, पायाशी एक जुनी बॅग. अवघडले की मी टोमणा मारते. मी विचारलं, "स्रोत किती, हेर श्टुकी?"

त्यांनी कार्डाच्या एका सुटलेल्या कोपऱ्यावर अंगठा दाबला.

"एकच," ते म्हणाले. "पुरेसा आहे."