मंदाआत्याचा तुकडा

माझ्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये आलेलं माणूस आधी हात पुढे करतं. मंदाआत्या आधी माझेच डोळे तपासते.

"उजेडात या, सायेब," म्हणत मला दारात ओढते, खालची पापणी बोटाने खेचते आणि निकाल देते, "पांढरे हायेत. जगताल." काष्टीच्या बाजारात भाजीवाले, कंडक्टर कुणी यातून सुटलेलं नाही. एका लग्नात तर तिने मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाचे डोळे बघितले.

याला कारण तिची भाची, आरोही. तान्ही असताना तिचे डोळे पिवळे पडत गेले. बाळकावीळ आहे, उतरेल, असं घरच्यांना वाटलं. उतरली नाही, यकृतच निकामी झालं. आईचा रक्तगट जुळेना, बापाच्या यकृतात चरबी निघाली. जुळलं ते आत्याचं. घरात जिचं कुणाशी म्हणून पटत नव्हतं, तिचंच! तिच्या यकृताचा एक तुकडा काढून आरोहीला बसवला.

तेव्हापासून आत्याच्या तोंडी आरोही हे नाव राहिलंच नाही. "आमचा तुकडा आज शाळंत गेला न्हाई." "आमच्या तुकड्याला वांगं आवडत न्हाई, मलाबी न्हाई." सकाळी आठच्या गोळीला आत्या पोरीला अशी हाक मारते, की आख्खी आळी घड्याळ लावून घेते.

गेल्या वर्षी आरोहीच्या रिपोर्टात यकृताचे आकडे एकदम चढले. मी त्याच दुपारी माझ्या गाडीतून पोरगी, बाप आणि आत्या अशा तिघांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे सुईने यकृताचा कण काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "शरीरानं तो तुकडा परका मानलाय."

आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर, माझा सोभाव लई भांडकुदळ हाय. तेच उतरलंय का त्यात?"

डॉक्टर हसले नाहीत. "नाही हो. तुकडा गरीब आहे. पोरीच्याच पेशी त्याच्यावर चालून गेल्यात. औषध वाढवू, शांत होतील."

"मंजी पोरीचं चुकलं?"

"कुणाचंच नाही."

आत्या माझ्याकडे वळली. "अकरा वर्सं सासरी नांदले," ती मला म्हणाली, "त्या घरानं मला आपलं मानलं न्हाई. पन तवा असलं औषध न्हवतं."

इंजेक्शनं लागू पडली. आठवड्याभरात आकडे उतरले, आरोही बिस्किटावरून बापाशी भांडू लागली. निघताना आत्याने डॉक्टरांना गाठलं.

"ह्यो तुकडा कवा बाद झालाच, तर माझ्यातला दुसरा काढा. तुमीच म्हनला हुता ना, माझं परत भरून येतं?"

"भरून येतं. पण एकाच माणसाचं दुसऱ्यांदा घेत नाहीत, आत्या."

तिने उजव्या बरगडीखाली हात ठेवला. चेहरा फसवल्यासारखा झाला.

"मग वाढलं कशाला ते?"