रणपिसे बाईंच्या तलावात गॉगलला बंदी

आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाकाठी एक स्टीलचा डबा असायचा. चार पुडांचा, ऑफिसला नेतात तसला. पण त्यात पोळीभाजी नसे. त्यात पोरांचे पोहायचे गॉगल असत. पोहायला शिकणाऱ्या प्रत्येक पोराचा गॉगल पाण्यात उतरण्याआधी काढून घेतला जाई आणि घरी जाताना परत मिळे. ही जप्ती करणाऱ्या बाईंचं नाव सुमन रणपिसे.

खराडीत आमची सोसायटी नवी होती तेव्हाची ही गोष्ट. तिथं राहायला आलेले बहुतेक सगळे माझ्यासारखे, कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरणारे. रणपिसे बाई तेवढ्या वेगळ्या. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. पुढे प्रत्येकाच्या खिशात फोन आला, ट्रंक कॉल ही वस्तूच इतिहासजमा झाली आणि बाई निवृत्त होऊन आमच्या इमारतीत एकट्या राहायला आल्या. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

ट्रंक कॉलच्या काळात वेळ संपत आली की ऑपरेटर मध्येच बोलायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" बाईंनी नोकरी सोडली तरी हे वाक्य सोडलं नाही. फक्त त्यातला दुसरा अर्धा भाग त्यांनी खात्याला परत केला असावा. भाजीवाला भाव समजावून सांगू लागला, कमिटीचे चेअरमन भाषणाला उभे राहिले किंवा मी लिफ्टमध्ये सासूबाईंचा विषय काढला, की बाई घड्याळाकडे न बघता सांगायच्या, "तीन मिनिटं झाली." तिथं संभाषण संपायचं.

तलावाची देखरेख त्यांच्याकडे कुणी दिली नव्हती. काठापासून दोन हात लांब खुर्ची टाकून, छत्री उघडून त्या बसू लागल्या आणि महिन्याभरात तलाव त्यांचा झाला. शिकवायला पगारी सर होते, पण तेही शिट्टी वाजवण्याआधी बाईंकडे एकदा बघून घेत. गंमत म्हणजे बाईंना स्वतःला पोहता येत नव्हतं. पाण्यात त्यांनी कधी पायाचा अंगठासुद्धा बुडवला नव्हता. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, "मी आयुष्यभर लोकांचे कॉल जोडले. स्वतः कुणाला लावला नाही."

गॉगलवरून मात्र त्या कुणाशीही भांडत. चौथ्या मजल्यावरचे एक वडील क्लोरीननं डोळे कसे चुरचुरतात यावर इंटरनेटवरची पानंच्या पानं छापून घेऊन मीटिंगला आले. बाईंनी ती हातातही घेतली नाहीत. "खडकवासल्याला सहलीला गेलात आणि मुलगा पाण्यात पडला, तर तो आधी गॉगल लावून मग पडणार आहे का?" असं विचारलं. वडील डोळे लाल होतात म्हणाले. बाई म्हणाल्या, लाल झालेले डोळे संध्याकाळपर्यंत पांढरे होतात. वर हेही म्हणाल्या की नाकावर काहीतरी असल्याशिवाय जमतच नाही, ही सवय पोरांना लागताच कामा नये. हे सांगताना त्यांनी स्वतःचा जाड भिंगांचा चष्मा बोटानं वर सारला. हसायला कुणी धजावलं नाही.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा आठ वर्षांची होती. नवरा प्रोजेक्टसाठी सिंगापूरला, मी ऑफिसच्या कॉलवर अडकलेली. शाळेची बस आली की मी घरी येईपर्यंत मुक्ता बाईंकडे असायची. हे बाईंनीच ठरवलं होतं. मी आभार मानायला तोंड उघडलं की माझी तीन मिनिटं तीस सेकंदांतच संपत. मुक्ता मात्र त्यांच्याकडून ट्रंक कॉलच्या गोष्टी तासन् तास ऐकायची. तिला मिनिटांचा हिशेब लागू नव्हता.

त्या उन्हाळ्यात मुक्ताही पोहायला उतरली आणि शिडी धरून बसली. बाकीची पोरं पाठीवरचा तरंगायचा डबा सोडून पोहायला लागली तरी ही तो बांधून शिडीलाच. पोरं चिडवायला लागली. एका संध्याकाळी तिनं मला सांगितलं, "मी भित्री आहे. मला नाही जायचं." रडत नव्हती, रक्तगट सांगावा तसं सांगत होती. ते मला फार लागलं.

आता ती येणार नाही, असं सांगायला मी तिला घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. मुक्ताला विचारलं, "चष्मा काढल्यावर तुला काय दिसतं?"

"निळं."

"आणि मी?"

"तुम्ही नाही दिसत. काठच नाही दिसत."

मुक्ताचा नंबर मायनस सहा. हे मला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, आणि तरी आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.  बाई आपला चष्मा काढून मांडीवर ठेवत म्हणाल्या, "मलाही नाही दिसत."

त्यांच्या शाळेतल्या मुलींना एकदा पोहायला नेलं होतं. शिक्षिकेनं यांचा चष्मा काढून काठावर ठेवला, पाण्यात नेऊन हात सोडला, आणि काठ नाहीसा झाला. हाका सगळीकडून यायला लागल्या. कशाबशा बाहेर आल्या त्या पुन्हा गेल्याच नाहीत. "तेव्हापासून मी स्वतःला भित्री म्हणत आले," बाई मुक्ताला म्हणाल्या. "पोरांना नाकावरच्या वस्तूची सवय नको म्हणते, ते माझ्यावरून."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून नवऱ्याचा फोन नंबर मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात नवरा सुट्टीवर आला तो दोन पाकिटं घेऊन. आत पोहायचे गॉगल, पण नंबरची भिंगं बसवलेले. असलं काही मिळतं हेच मला माहीत नव्हतं. एकावर मायनस सहा होतं, दुसऱ्यावर मायनस नऊ. दुसरा चुकीचा आणलास, असं मी म्हटलं. तो म्हणाला, "बाईंनी दोन सांगितले होते, नंबरासकट. दुसरा कुणासाठी, असं विचारलं, तर म्हणाल्या, तीन मिनिटं झाली."

सकाळी मुक्ता गॉगल लावून उतरली तेव्हा तलावात मोठा दंगा झाला. आमचे जप्त आणि हिचा चालतो, असा पोरांचा सवाल होता. बाई खुर्चीतून न हलता म्हणाल्या, "तो गॉगल नाही, चष्मा आहे. चष्म्याला या तलावात कधीच बंदी नव्हती." मुक्तानं पाण्यात डोकं घातलं, स्वतःचे पाय पाहिले, मान वर करून काठावरच्या छत्रीकडे पाहिलं. त्याच आठवड्यात तिनं शिडी सोडली.

शाळा सुरू व्हायच्या आधीची एक दुपार. मी रजा काढली होती. तलावावर कुणी नव्हतं. बाई आल्या त्या पूर्ण बाह्यांचा पोहायचा पोशाख घालून, डोक्याला टोपी. चष्मा काढून त्यांनी त्या स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि मायनस नऊचा गॉगल चढवला. मग शिडीचा दांडा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. खाली मुक्ता दोन्ही हात पुढे करून उभी होती.

बाईंनी पाण्यात तोंड बुडवलं. वर आल्या, पुन्हा बुडवलं. मग म्हणाल्या की तळाची एक फरशी फुटलीय, कमिटीला सांगायला हवं. मी हो म्हटलं.

थोड्या वेळानं मुक्तानं अगदी बाईंच्या आवाजात विचारलं, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

बाईंनी काठाकडे पाहिलं. तिथं मी उभी होते, आणि मी त्यांना स्वच्छ दिसत होते.

"वाढव," बाई म्हणाल्या.