विश्वगरुडाची चार इंजिनं

त्र्यंबकराव पिंपळखरे माळ्यावर चढले तेव्हा त्यांना दोन इंजिनांची तातडीनं गरज होती. शिडी धरायला खाली कोणी नव्हतं, कारण त्यांची बायको सरोज कल्याणला भावाकडे गेली होती. एका परीनं ते बरंच झालं. ती घरात असती तर "माळ्यावर काय शोधताय?" असं तिनं विचारलं असतं, आणि "अणुशक्तीवर चालणारी इंजिनं" हे उत्तर तिच्या गळी उतरवणं कठीण गेलं असतं.

रशियानं आकाशात उपग्रह सोडल्यापासून त्र्यंबकरावांचे पाय डोंबिवलीच्या जमिनीवर ठरत नव्हते. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावकचं टेबल सांभाळत. पण आवक आणि जावक यांच्या मधल्या वेळात त्यांनी 'मंगळावर मोर्चा' नावाचं चार अंकी नाटक लिहून काढलं होतं. काळ इसवी सन दोन हजार अठ्ठावन्न. पृथ्वीचं सैन्य मंगळावर चाल करून जातं. नाटकाचा खरा नायक सेनापती नव्हे, तर त्याचं विमान, 'विश्वगरुड'. हे विमान पहिल्या अंकात लढायचं, दुसऱ्यात बॉम्ब टाकायचं, तिसऱ्यात जखमी वाहून न्यायचं आणि चौथ्यात मंगळाच्या कालव्यात बुडी मारून पाणबुडी व्हायचं.

"चार कामांना चार विमानं कशाला?" ते गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत म्हणाले होते. "उद्याच्या युद्धात एकच यान सगळं करणार. शास्त्र त्याच दिशेनं चाललंय."

मंडळाला शास्त्राची दिशा कळली नाही, पण चारांऐवजी एक ही गोष्ट सर्वांना एकदम पटली. अध्यक्षांनी तर आणखी दोन सूचना केल्या. नाटक नसेल तेव्हा विमानाच्या पंखांवर प्रसादाची ताटं ठेवता यावीत आणि पोटात मंडळींच्या चपला राहाव्यात. त्र्यंबकरावांनी मान डोलावली. अशा रीतीनं विश्वगरुडाला मंगळाचं तोंड दिसण्याआधीच चपला सांभाळण्याची कामगिरी मिळाली.

बांबू आणि तट्ट्यांचा सांगाडा उभा राहिला. चालकाच्या आसनासाठी पाळणा आला. राहता राहिली इंजिनं. माळ्याच्या अगदी कोपऱ्यात, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ती त्र्यंबकरावांच्या हाताला लागली तेव्हा त्यांना ब्रह्मानंद झाला. पत्र्याची, आतून पोकळ, खाली रुंद आणि वर निमुळती होत गेलेली. जणू रशियन शास्त्रज्ञांनीच घडवून पिंपळखऱ्यांच्या माळ्यावर ठेवून दिली होती. ही वस्तू मुळात कशाची, असा विचार त्यांच्या मनात आला नाही. माळ्यावर असतं ते अडगळ, एवढं त्यांना ठाऊक होतं.

शेजारच्या विश्रामरावांना त्यांनी ती दाखवली. विश्रामराव फोर्टातल्या एका पेढीवर नोकरीला होते आणि नाटकात सेनापती.

"आयला, त्र्यंबकराव, असलीच दोन आमच्या माळ्यावर पण आहेत! परवाच वर गेलेलो तेव्हा बघितली. आणि त्यांच्याच घाटाची दोन बारकी पिल्लं पण आहेत."

"पिल्लं?"

"हो ना. एवढी एवढी."

"मग ते बॉम्ब!" त्र्यंबकराव ओरडले.

चार इंजिनं आणि दोन बॉम्ब झाले. रुपेरी रंग लावल्यावर तर ती इतकी झकास दिसू लागली की दोघंही बराच वेळ नुसते बघत राहिले. दोन सुशिक्षित गृहस्थांच्या माळ्यांवर इंजिनं जोडीजोडीनं का पडून आहेत, हा प्रश्न मात्र दोघांपैकी एकालाही पडला नाही.

नाटकाचा दिवस रविवार ठरला होता. मुंबईच्या नाटक कंपनीचे मालक हरिहरपंत खास नाटक पाहायला येणार होते आणि त्यांना तेवढाच रविवार मोकळा होता. नाटक पसंत पडलं तर कंपनी ते उचलणार आणि त्र्यंबकराव कंपनीचे लेखक होणार, असं बोलणं झालं होतं. बोलणं 'बघू' या एका शब्दावर संपलं होतं, पण त्र्यंबकरावांनी तेवढ्यावर सगळा संसार उभारला. शनिवारी कचेरी सुटताना ते हेडक्लार्कच्या टेबलाशी गेले आणि चारचौघांत म्हणाले, "रावसाहेब, माझ्या खुर्चीसाठी आता दुसरं माणूस बघा. आमची खुर्ची यापुढे मुंबईत, रंगमंचासमोर."

हेडक्लार्कनं चष्म्यावरून बघत फक्त "बरं" म्हटलं. म्हणजे आता हरिहरपंतांनी नाटक घेतलं नाही तर त्र्यंबकरावांना परत त्याच दारातून आत जावं लागणार होतं, आणि ते दार त्यांनी स्वतःच आपल्या तोंडावर लावून घेतलं होतं.

त्या रविवारी गौरी येणार होत्या. हे कुणीतरी बैठकीत बोलून दाखवलं होतं. "गौरी म्हणजे बायकांचं खातं," असं म्हणून अध्यक्षांनी तो विषय मिटवला होता.

बायकांच्या खात्यात दुपारी हलकल्लोळ उडाला. सरोजनं माळ्यावर हात घातला तर गौरींच्या कोठ्या गायब. वर्षभर लुगड्यात जपून ठेवायच्या, या दिवशी खाली काढून आत गहू भरायचे, वर मुखवटे बसवायचे आणि पातळं नेसवून लक्ष्म्या उभ्या करायच्या, ही पिंपळखऱ्यांच्या घराण्याची रीत. त्र्यंबकराव दरवर्षी त्या गौरींना नमस्कार करत आले होते, पण पातळाच्या आत त्या कशावर उभ्या असतात याची चौकशी त्यांनी जन्मात केली नव्हती. ते आयत्या वेळी येत, हात जोडत आणि पुरणपोळीला बसत.

सरोज धावत कमळाबाईंकडे, म्हणजे विश्रामरावांच्या बायकोकडे गेली, तर तिथेही तेच. कोठ्या नाहीत, आणि गौरींच्या बाळांच्या लहान कोठ्याही नाहीत.

"चोर आहे मेला कुणीतरी माहितगार," कमळाबाई म्हणाल्या. "नाहीतर दोन्ही घरातलं नेमकं तेवढंच कसं नेईल? मुखवटे चांदीचे आहेत हो सरोजताई. ते घरात ठेवायचे नाहीत."

"आणि आठच्या आत गौरी बसल्या पाहिजेत. भटजींनी बजावून सांगितलंय."

शोधाशोध करता करता दिवेलागण झाली. शेवटी दोघींनी आपापले मुखवटे ताटात घेतले, वर रुमाल झाकले आणि नवऱ्यांच्या कानावर चोरी घालायला मांडवाकडे निघाल्या.

मांडवात पहिला अंक दणक्यात झाला होता. हरिहरपंत पुढच्या आरामखुर्चीत रेलून पान चघळत होते आणि मान हलवत होते. ती हलणारी मान विंगेतून पाहून त्र्यंबकरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आता दुसरा अंक. हातात पुस्तक धरून ते विंगेतून सेनापतीला वाक्यं पुरवत होते. पाळण्यात बसलेले विश्रामराव डोक्यावर पातेलं घालून गरजले, "मंगळसम्राट! विश्वगरुडाचा हा पहिला बॉम्ब, आणि तुझा शेवटचा श्वास!"

बॉम्ब सुटला. तो मंगळसम्राटाच्या, म्हणजे किराणा दुकानातल्या सहदेवच्या, पायाशी पडून फुटायचा होता; प्रत्यक्षात तो घरंगळत रंगमंचाच्या कडेला आला, खाली पडला आणि नुकत्याच मांडवात शिरलेल्या कमळाबाईंच्या पुढ्यात जाऊन थांबला. त्यांनी तो उचलला. रुपेरी रंगाच्या आत, तळाशी, गेल्या वर्षीचं हळदकुंकू अजून तसंच होतं.

"अगं बाई!" कमळाबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हे तर आमच्या गौरीचं बाळ!"

विश्रामरावांनी पाळण्यातून बायकोला पाहिलं आणि पुढचं वाक्य ते साफ विसरले.

"'दुसरा बॉम्ब टाका', म्हणा," त्र्यंबकराव विंगेतून कुजबुजले.

"कसला टाकतोय? ती बघतेय!" विश्रामराव म्हणाले, आणि हे मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

तोवर सरोज विमानाशी पोचली होती. तिनं एका इंजिनावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला रंग पाहिला आणि विंगेकडे वळून म्हणाली, "अहो! बाहेर या."

लेखक बाहेर आले.

"हे काय आहे?"

"इंजिन," त्र्यंबकराव म्हणाले. "म्हणजे, नाटकात."

"आणि घरात?"

त्र्यंबकरावांनी इंजिनाकडे पाहिलं. रुंद तळ, निमुळतं वर, त्यावर बायकोच्या ताटातला मुखवटा त्यांनी मनातल्या मनात ठेवून बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. अणुशक्तीचा नव्हे, साधाच, पण पुरता.

"इतकी वर्षं नमस्कार करताय ना हिला?" सरोज म्हणाली. "करताय कुणाला ते एकदा तरी बघायचं होतं! लक्ष्मीला शेपटाशी बांधलीत हो तुम्ही, शेपटाशी!"

"आणि आमच्या ह्यांनी बाळ फेकून मारलं," कमळाबाई म्हणाल्या. "उतरा खाली!"

सेनापती उतरले. दोघी बायकांनी पदर खोचले आणि इंजिनांच्या सुतळ्या सोडायला सुरुवात केली. पहिलं इंजिन निघालं तसा विश्वगरुड डावीकडे कलला, दुसरं निघालं तसा नाकावर आला. पोटाचं तट्टं उसवलं आणि मंडळाच्या साऱ्या चपला मंगळावर सांडल्या. प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हे सगळं लिहिलेलंच आहे. मंगळसम्राट सहदेव अजून छातीवर हात ठेवून मरायच्या तयारीत उभा होता.

"त्र्यंबककाका, मी मरू का थांबू?" त्यानं विचारलं.

"थांब रे!" त्र्यंबकराव ओरडले. त्यांना रडू फुटायचं बाकी होतं.

"साडेसात होऊन गेले, सरोजताई," कमळाबाई म्हणाल्या. "आता घरी नेऊन, गहू भरून, नेसवून कधी व्हायचं? इथेच बसवू या. गणपती समोरच आहे की. नेसवायला तेवढं काहीतरी हवं."

सरोजनं मान वर केली. मागे मंगळाचं आकाश होतं, गर्द निळं, जरीच्या चांदण्यांचं.

"आकाशही माझंच!" ती म्हणाली. "आईनं दिलेलं पातळ आहे हे!"

आकाश उतरवलं. त्याला जोडलेलं दुसरं पातळ कमळाबाईंचं निघालं, आणि बाकीची दोन पातळं प्रेक्षकांतल्या बायकांनी घरून आणून दिली. सहदेवनं, मरायचं राहिलंच होतं म्हणून, दुकानातून गहू आणले. आठच्या आत विश्वगरुडाच्या मोडक्या पंखांवर चार लक्ष्म्या पायांशी दोन बाळं घेऊन उभ्या राहिल्या. कुणीतरी आरती सुरू केली. लढणं, बॉम्ब टाकणं, जखमी वाहणं आणि बुडी मारणं यांतलं एकही काम धड न जमलेलं ते यान मखर म्हणून मात्र फार शोभून दिसलं.

आरती संपताच त्र्यंबकराव घाम पुसत हरिहरपंतांपुढे जाऊन उभे राहिले. पंत हात जोडून उभे होते, पण त्यांच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं होतं.

"पंत, आजचा प्रयोग जरा... पण नाटक म्हणून आपल्याला काय वाटतं?"

"पिंपळखरे," पंत खालच्या आवाजात म्हणाले, "त्या पातळाच्या आत दरवर्षी हेच असतं?"

"असतं म्हणे."

"सगळ्यांच्याच घरी?"

"ज्यांच्या उभ्याच्या गौरी असतात त्यांच्या," सरोज मागून म्हणाली. "का हो?"

पंत जवळ सरकले. "आमच्या नव्या नाटकात दरबाराचा देखावा आहे. सिंहासनाच्या दोन बाजूंना दोन खांब आहेत. पत्र्याचे. वर निमुळते होत गेलेले."

"कुठून आणलेत?" कमळाबाईंनी विचारलं.

"माळ्यावरून," पंत म्हणाले. "आमची मंडळी आज संध्याकाळीच माहेराहून यायची होती. गौरींसाठी म्हणून." आणि उपरणं सावरत त्यांनी विचारलं, "मुंबईची गाडी केव्हा आहे हो?"

उत्तराची वाट न बघता ते निघाले. घाईत त्यांनी पायात चढवलेल्या चपला त्यांच्या नव्हत्या, पण मंगळावरच्या त्या ढिगात कोणाला कोणाच्या सापडल्या होत्या? 'मंगळावर मोर्चा'बद्दल त्यांचं मत पुढेही कधी कळलं नाही.

सोमवारी त्र्यंबकराव घरी राहिले. सरोजनं त्यांना पुरणपोळी वाढली, पण त्याआधी रॉकेलचा बोळा हातात देऊन मुखवट्यांच्या ताटाला लागलेला रुपेरी रंग पुसायला बसवलं. मंगळवारी ते ठाण्याच्या कचेरीत मान खाली घालून शिरले. त्यांच्या टेबलामागे खुर्ची नव्हती.

"तुम्हीच म्हणालात ना, दुसरं माणूस बघा," हेडक्लार्क चष्म्यावरून म्हणाले. "माणूस नाही मिळालं. खुर्ची मात्र रेकॉर्ड खोलीत दिली. आता मागणी करा, येईल दिवाळीपर्यंत. तोवर शिपाई काहीतरी देईल."

शिपायानं कुठूनसा पत्र्याचा एक उंच डबा आणून टेबलामागे उपडा घातला. सगळी कचेरी लेखणी थांबवून बघत होती. त्र्यंबकराव बसायला वाकले, थबकले, आणि डबा सुलटा करून त्यांनी त्याच्या तळाशी नीट डोकावून पाहिलं.

"हा कोणाच्या घरचा आहे?" त्यांनी शिपायाला विचारलं. "आणि त्यांच्या बायकोला विचारलंयस का?"