रामटेके सरांचा एक शब्द

रामटेके सर अनोळखी माणसाच्या मोटारीच्या काचेवर टकटक करून त्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेच असं. शिकागोतला जानेवारी महिना. डेव्हन ॲव्हेन्यूवर देशी किराणा दुकानासमोर एक निळी मोटार उभी होती आणि आत एक अगडबंब अमेरिकन गृहस्थ बायकोची वाट बघत बसला होता. मोटारीच्या मागे स्टिकर होता. त्या काळात असे स्टिकर सर्रास दिसायचे. आपला मुलगा शाळेत वरच्या नंबरात येतो आणि आपण त्याचे प्राउड पालक आहोत, असा त्याचा मजकूर. सर माकडटोपी, मफलर आणि जावयाचा ढगळ कोट घालून काचेपाशी उभे होते. काच खाली आली. सरांनी आपली ओळख करून दिली. निवृत्त इंग्रजी शिक्षक, मुक्काम कामठी, जिल्हा नागपूर, चौतीस वर्षं सेवा. मग शंका मांडली. मार्क मुलाला मिळालेत, तर प्राइड मुलाला वाटायला हवा. तुम्हाला तो नेमका कशाचा?

आता मारामारी होणार असं मला वाटलं. पण तो गृहस्थ विचारात पडला, मोटारीतून उतरला, मागे जाऊन स्टिकर पुन्हा वाचून आला. मग त्याने पाकिटातून पोराचा फोटो काढला आणि चौथीत गणितात नापास झालेल्या त्या पोराबरोबर तो रोज संध्याकाळी कसा बसायचा, ते वीस मिनिटं सांगत राहिला. त्याची बायको येऊन मोटारीत बसली तरी संपेना. सरांनी हातमोजा काढून वहीत लिहिलं: ‘प्राइड, अर्थ तिसरा. दुसऱ्याच्या मार्कांवर बापाची ऐट. संदर्भ: निळी मोटार.’

मी तेव्हा प्रोग्रामर म्हणून नवीनच आलो होतो आणि नशिबाने सरांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत होतो. मी नाशिकचा आहे हे कळल्यापासून त्यांनी माझं नाव कधी घेतलं नाही. मी कायमचा ‘नाशिककर’ झालो. सर मुलगी सुजाता आणि जावई मिलिंद यांच्याकडे दोन वर्षांपासून राहत होते. मिलिंद हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. सुजाताताई काय करते, असं विचारलं तर सर म्हणायचे, ‘ट्रान्सपोर्ट खात्यात आहे. ऑपरेशन्स साइडला.’ आणि लगेच विषय बदलून प्राइडवर यायचे.

या एका शब्दाने त्यांना का पछाडलं होतं, हे त्यांनीच मला सांगितलं. चौतीस वर्षं त्यांनी फळ्यावर ‘प्राइड म्हणजे गर्व’ एवढंच लिहिलं. इथे येऊन बघतात तर बेकरीवाल्याला पावाचा प्राइड, फायर ब्रिगेडला बंबाचा प्राइड, आणि टीव्हीवरच्या बाईला जमिनीच्या पॉलिशचा प्राइड. मराठीत अभिमान वेगळा, गर्व वेगळा. माज, ताठा, तोरा, दिमाख, मिजास, प्रत्येकाचं दुकान वेगळं. इंग्रजीने सगळा माल एकाच पोत्यात भरला. ‘म्हणजे मी हजारो पोरांना चुकीचं शिकवलं, नाशिककर,’ ते म्हणायचे. चूक निस्तरायची म्हणून दोनशेपानी वही. आणि कोणी काहीही बोललं की परीक्षेतल्यासारखा हुकूम सुटायचा, ‘संदर्भासह!’

आमच्या कोपऱ्यावरच्या चर्चबाहेर पाटी असायची. एका आठवड्यात तिच्यावर होतं की रविवारचं प्रवचन प्राइड या पापाविषयी. त्याच पाटीवर खाली होतं की आम्हाला आमच्या नव्या छपराचा प्राइड वाटतो. सर त्या पाटीसमोर बर्फात एवढा वेळ उभे राहिले की शेवटी पाद्री बाहेर आला. सरांनी विचारलं, हे पाप छपराला लागू आहे की नाही? पाद्री भला माणूस. त्याने सरांना आत नेलं, कॉफी पाजली, दोघांनी मिळून तासभर डोकं खाजवलं. पुढच्या आठवड्यात पाटीवर छपराचा नुसता ‘आनंद’ होता. सरांना हे इतकं आवडलं की नंतर ते दर बुधवारी पाद्र्याकडे कॉफीला जाऊ लागले. बौद्ध माणूस चर्चमध्ये काय करतो, असं मिलिंदने विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘प्रूफं तपासतो.’

सिंहांच्या कळपालाही प्राइड म्हणतात हे कळल्यावर मला त्यांच्याबरोबर प्राणिसंग्रहालयात जावं लागलं. पिंजऱ्यात एकच सिंह होता आणि तो पाय वर करून झोपला होता. सर दीड तास त्याच्या प्राइडची वाट बघत थांबले. सिंहाने एकदा कूस बदलली. सर निघताना म्हणाले, ‘माझ्या नववी ‘ब’मध्ये असे पुष्कळ होते.’

या सगळ्यात एक गोष्ट मला खटकायची. सर बसमध्ये बसत नसत. डेव्हनला जायला दारात बस येई, पण सर बर्फात, वाऱ्यात, कान लाल होईस्तोवर पायी जायचे. विचारलं तर म्हणायचे, शुगरला चालणं चांगलं.

मग फेब्रुवारीत एकदा माझ्या मोटारीची बॅटरी बसली आणि मी बसस्टॉपवर गेलो. बस आली, दार उघडलं, आणि ड्रायव्हरच्या जागेवर युनिफॉर्म घालून सुजाताताई बसलेली होती.

‘ये रे, आत ये. थंडी आत येऊन राहिली,’ ती हसत म्हणाली.

पुढच्या सिग्नलपर्यंत तिने मला सगळं सांगितलं. नागपूरची केमिस्ट्रीतली एम.एस्सी., पण इथे त्या डिग्रीचं नोकरीत वजन पडेना. एका लॅबमध्ये लागली, ती बंद पडली. बसचालक पाहिजेत अशी जाहिरात बघून गंमत म्हणून परीक्षा दिली आणि पास झाली. ‘आणि यार, मला आवडतं हे,’ ती म्हणाली. ‘एवढं मोठं धूड माझ्या हातात. लॅबमध्ये दिवसभर भिंत दिसायची. इथून अख्खी डेव्हन दिसते.’ मी ऑपरेशन्सचं विचारलं तेव्हा ती मोठ्याने हसली. ‘बसऑपरेटर म्हणतात आम्हाला. बाबा खोटं नाही बोलले. अर्धंच बोलले. कामठीला पण तेच कळवलंय. तिकडे मी ऑफिसर आहे.’ मग आरसा नीट करत तिने सहज म्हणावं तसं म्हटलं, ‘माझ्या बसमध्ये मात्र कधी बसले नाहीत.’

मी सरांना काही बोललो नाही. पण तेव्हापासून ते प्राइडचा नवा अर्थ सांगू लागले की मला नुसतं हसू येईना.

जून महिन्यात लाँड्रीच्या भिंतीवर सरांना एक पत्रक दिसलं. येत्या रविवारी प्राइड परेड. सर पत्रकाखालून हलेनात. ज्या शब्दाच्या मागे आपण दोन वर्षं हिंडतोय त्याची या शहरात चक्क मिरवणूक निघते! परेड कसली आहे हे मला ठाऊक होतं. पण ते वडीलधाऱ्या माणसाला मराठीत कसं सांगावं हे मला त्या वयात सुचेना. मी ‘सर, ते जरा वेगळं असतं,’ एवढं म्हटलं. सरांनी हात वर केला. ‘सांगू नका. संदर्भासह बघू.’

रविवारी सर कोट-टाय घालून निघाले. ट्रेनने गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ही गर्दी, फुगे, ढोल, सप्तरंगी झेंडे. पुरुष पुरुषांचे हात धरून चाललेले, बाया बायांचे. कोणी राणीचा वेष केलेला, कोणी नुसतीच चड्डी. सर टाचा उंचावून बघत होते. मी घामाघूम. शेवटी मी हळूच काय ते सांगून टाकलं. त्यांनी मान डोलावली, जसं काही ते त्यांना केव्हाच समजलं होतं.

‘हे आपल्या चौदा एप्रिलसारखं आहे,’ ते म्हणाले. ‘ज्यांना मान खाली घालून चालायला लावलं, ते वर्षातून एक दिवस मधल्या रस्त्याने मान वर करून चालतात. पहिल्यांदा निघालो तेव्हा आम्हीही असेच नटलो होतो. माझ्या बापाने चष्मा लावला होता, दुसऱ्याचा. त्याला वाचता येत नव्हतं.’

मी वही उघडायची वाट बघत होतो. त्यांनी ती खिशातून काढलीच नाही.

आमच्या शेजारी घडीच्या खुर्चीवर गवती टोपी घातलेली एक सत्तरीची बाई बसली होती. मांडीवर पुठ्ठा, त्यावर हाताने लिहिलेलं: माझ्या मुलीचा मला अभिमान आहे. सर तिच्यापाशी गेले आणि नेहमीप्रमाणे चौतीस वर्षांच्या सेवेपासून सुरुवात केली. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, की तिची मुलगी ज्या बाईबरोबर राहते, ती मुलीची भाडेकरू आहे असं ही बारा वर्षं शेजाऱ्यांना सांगत होती.

‘भाडेकरू,’ सर म्हणाले. ‘म्हणजे अर्धं खरं.’

‘मुलीने मला कधीच लपवायला सांगितलं नव्हतं,’ बाई म्हणाली. ‘मीच लपवत होते. मग कंटाळा आला.’

‘अभिमान वाटतो हे शेवटी तिला सांगितलंत तेव्हा शब्द कोणते वापरले?’

बाई हसली. ‘शब्द अगदी चुकीचे होते. मी म्हटलं, तुझे केस छान दिसतायत. आणि रडायला लागले. तिला कळलं.’

सरांनी तिला वाकून नमस्कार केला. परत ट्रेनकडे चालताना ते एकदम बोलू लागले, आणि चौतीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली त्यांची प्रमाण भाषा सुटत गेली. सुजाता वस्तीतली पहिली एम.एस्सी. ती अमेरिकेला निघाली तेव्हा बँड लावून लोक स्टेशनवर आले होते. आजही तिथल्या आया पोरींना तिचं नाव घेऊन अभ्यासाला बसवतात. त्यांना काय कळवायचं? म्हणून पहिल्या पत्रात ऑफिसर लिहिलं. मग प्रत्येक पत्रात ते लिहावं लागलं. ‘माझा बाप बिड्या वळायचा. ते मी प्रत्येक भाषणात छाती काढून सांगतो. अन् पोरगी बस चालवून राहिली ते लपवतो. बापाचं सांगायला लाज नाही वाटली मले, पोरीचं काऊन वाटते?’

बोलता बोलता ते थबकले. परेडमुळे वळवलेल्या तीन-चार बसगाड्या बाजूच्या रस्त्यावर रांगेत उभ्या होत्या. दुसऱ्या बसच्या स्टिअरिंगवर सुजाताताई होती. रविवारी तिला त्या रूटवर ड्युटी असायची.

सरांनी टाय सारखा केला आणि सरळ जाऊन दारावर टकटक केली. दार उघडलं. त्यांना पायरीवर पाहून सुजाताताईचा चेहरा उतरला. ‘बाबा? काय झालं? बरं नाही का वाटत?’

सर पायरी चढून तिच्या शेजारी उभे राहिले, मी त्यांच्या मागे. इंग्रजी आणि मराठी, दोन्ही भाषांतले सगळे शब्द त्यांना येत होते.

‘ब्रेक बरोबर लागतात ना?’ त्यांनी विचारलं.

‘लागतात, बाबा.’

‘मग ठीक.’

पुढच्याच सीटवर काठी घेतलेला एक म्हातारा बसला होता. सर त्याच्याकडे वळले आणि वर्गात बोलतात तशा खणखणीत इंग्रजीत म्हणाले, ही चालक माझी मुलगी आहे. म्हातारा सरकून त्यांना जागा देत म्हणाला, की ही फार चांगली आहे. मी बसेपर्यंत ती गाडी हलवत नाही. बाकीचे हलवतात. सरांनी विचारलं, नेहमी? म्हातारा म्हणाला, नेहमी. सरांनी ते आणखी दोनदा विचारून घेतलं.

रस्ता मोकळा झाला. शेवटच्या स्टॉपवर सगळे उतरले, म्हातारा सावकाश उतरला, आणि गाडी दहा मिनिटं थांबणार होती. मी खाली उतरून उभा राहिलो. दार उघडंच होतं.

‘दिवसभर पेडल दाबून पाय दुखत असतील,’ सर म्हणाले.

‘उजवा दुखतो,’ सुजाताताई म्हणाली. ‘हिवाळ्यात जास्त. दाराजवळून वारा येतो ना.’

‘मग सांगितलं नाही कधी.’

‘तुम्ही विचारलं नाही.’

सर कमरेत वाकून पायाशी बघू लागले. ती एकेक दाखवत होती, हा ब्रेक, हा ॲक्सिलरेटर, या बटणाने मागचं दार. मधेच तिने डोळे पुसले आणि मधेच ती खदखदून हसली, कारण सरांनी बहुधा एखाद्या बटणाचं स्पेलिंग तपासलं असावं. मग निघायची वेळ झाली. मी हात केला, पण सर उतरले नाहीत. ते पुढच्या सीटवर जाऊन बसले. सुजाताताईने त्यांचं बसून होईपर्यंत गाडी हलवली नाही.

त्या दिवशी तिची ड्युटी संपेपर्यंत सरांनी त्या रूटच्या चार फेऱ्या केल्या, असं मिलिंदने मला नंतर सांगितलं. तेव्हा स्टॉपची नावं ड्रायव्हरलाच तोंडाने पुकारावी लागत. शेवटच्या फेरीला गाडीत बापलेकीशिवाय कोणी उरलं नव्हतं, तरी ती प्रत्येक स्टॉप मोठ्याने पुकारत होती, कामठीच्या बोलीत, आणि सर प्रत्येक वेळी ‘थांबू नको, बाप्पा, पुढे घे’ म्हणत होते.