चार स्क्रू आणि एक रबरी फूल

शनिवारी सकाळी अनसूयाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि त्याच्या शेजारी आपली अटही ठेवली.

"उद्या ही मोटर तलावात चालली तर चालली. नाही तर सोमवारी भंगारवाला आला का तुमची हत्याराची पेटी त्याले देऊन टाकीन. मोटर बी देईन."

"पेटीसुद्धा?"

"पेटी आधी!"

वामनराव अमरावतीच्या एका शाळेतून विज्ञानाचे मास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्या दिवसापासून घरातली एकही वस्तू सुरक्षित राहिली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी साफ केलं, तेव्हापासून ते टोले देई, पण वेळ दाखवत नसे. शेजाऱ्यांची बाजाची पेटी त्यांनी हौसेनं उघडली, आणि ती सुतळीनं बांधून परत गेली. एवढं होऊनही हत्यारांच्या त्या लाकडी पेटीत त्यांचा जीव अडकलेला होता. ती गेली तर उरलेलं आयुष्य नुसता पेपर वाचत काढावं लागेल, या विचारानं त्यांना चहा गोड लागेना.

मोटर होती नावेच्या मागे बसवायची. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात ती त्यांना मिळाली. समुद्र चारशे मैलांवर असलेल्या गावात दुसऱ्या कुणी तिच्यावर बोलीच लावली नव्हती. बाकी मोटर ठीक होती, पण तिच्या पायातला पाण्याचा पंप मेला होता. या पंपात पाकळ्यांचं एक रबरी चाक असतं. ते फिरतं, तलावाचं पाणी वर ओढतं, मोटर थंड ठेवतं आणि मग मागून बारीक धार बाहेर सोडतं. साहेबाच्या चाकाच्या पाकळ्या वाळून गळून पडल्या होत्या. वामनरावांनी मुंबईला तीन पत्रं लिहिली, पण चाक काही आलं नाही.

अखेर कोपऱ्यावरचा सायकलवाला सूर्यभान मदतीला आला. त्यानं ट्रकच्या जुन्या टायरमधून सहा पाकळ्यांचं चाक कापलं. पाकळ्या एका अंगाला वाकत्या ठेवल्या. "हे घ्या मास्तर, रबरी फूल!" म्हणत त्यानं मोटर अंगणातल्या ओट्यावर उलटी, पाय वर करून ठेवली, फूल बसवलं आणि चार स्क्रू पिळले.

नेमके त्याच वेळी मोरोपंत दारात आले. हे अनसूयाबाईंचे थोरले भाऊ. अकोल्याच्या जठारपेठेत त्यांची भिक्षुकी चाले. मोटर पाहायला वामनरावांनीच त्यांना पत्र घालून बोलावलं होतं, आणि ते सकाळच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून टांग्यानं आले होते. त्यांनी पाय धुतले, ओट्यापाशी आले आणि उलट्या मोटरीत वाकून पाहिलं.

"हे कोणीकडून फिरते?"

सूर्यभाननं बोटानं फिरवून दाखवलं. "असं, महाराज."

"डावीकडून?" मोरोपंतांनी कपाळाला हात लावला. "वामनराव, तुमच्या घरी काय चालून राहिलं हे? आरती उजवीकडून, घड्याळ उजवीकडून, जातं उजवीकडून. अपसव्य फक्त श्राद्धाले! पाकळ्या उलट्या लावल्या यानं. फिरवा ते फूल."

"महाराज, मोटर उलटी ठेवली आहे, म्हणून तसं दिसते. वरून पाहिलं तर उजवीकडूनच..."

"तीस वर्षं प्रदक्षिणा घालून राहिलो मी. मले शिकवतं का?"

वामनरावांना सूर्यभानचं म्हणणं शंभर टक्के पटलं होतं. पण बायकोच्या थोरल्या भावाशी वाद घालून कुणी सुखी झालेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. ते मुकाट्यानं पेचकस पुढे करून बसले. मोरोपंतांनी स्वतःच्या हातानं चार स्क्रू काढले, फूल उलटं केलं आणि 'शुभं भवतु' म्हणून पुन्हा बसवलं. सूर्यभान हात पुसत निघून गेला.

"हौदात लावून पाहू का एकदा?" वामनरावांनी विचारलं.

"हौद पिण्याच्या पाण्याचा आहे!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं. तेव्हा मोटरीची परीक्षा थेट तलावातच होणार हे ठरलं.

दुपारी वरण-भात, भाजी आणि चार पुरणपोळ्यांनंतर मोरोपंत घोरू लागले. वामनराव चोरपावलांनी ओट्यावर गेले, स्क्रू काढले, फूल फिरवून पहिल्यासारखं केलं आणि स्क्रू घट्ट पिळले. मग हलक्या मनानं नत्थुजीकडे नाव ठरवायला गेले. नत्थुजी वडाळीच्या तलावात शिंगाडे लावी.

"वल्ही काठावरच ठेव बरं," वामनरावांनी त्याला बजावलं. "मोटर असताना नावेत वल्ही दिसली का मोटरीचा अपमान होते."

रविवारी सकाळी नाव निघाली. मागे वामनराव, मध्ये जेवणाची पितळी ताटं आणि डबा घेऊन अनसूयाबाई, पुढे सोवळ्याचं उपरणं सावरत मोरोपंत, आणि बाजूला रिकाम्या हातांचा नत्थुजी. दोरीला पाचवा हिसका दिल्यावर मोटर जी गरजली, की काठावरच्या म्हशी पाण्यातून उठल्या. वामनरावांचा चेहरा फुलला. अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण त्यांना हसू आलं होतं हे वामनरावांनी पाहिलं.

तलावाच्या बरोबर मध्यावर वामनरावांनी मागे वळून पाहिलं. धार पडत नव्हती.

"मास्तर," मोटरीतल्या धुराकडे बोट दाखवत नत्थुजी म्हणाला, "धुपट निंगून राह्यलं."

मोटरीनं दोन उचक्या दिल्या आणि ती बंद पडली. सगळीकडे एकदम शांत झालं. जळक्या रबराचा वास तेवढा उरला. वामनरावांना समोर आपली पेटी भंगारवाल्याच्या गाडीत दिसू लागली.

"पण मी तर सुलट केलं होतं!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काय सुलट केलं होतं?" मोरोपंत वळले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "फूल. काल तुमी झोपले तेव्हा मी फिरवलं. सूर्यभाननं लावलं होतं तसं केलं."

मोरोपंतांचा चेहरा असा उजळला, जणू यजमानानं शालजोडी दिली. "पाहा! पाहा अनू! म्हणजे माझंच खरं होतं! मी लावलेलं यांनी काढलं, म्हणून हे झालं!"

वामनरावांनी पेचकस खिशातून काढला आणि मांडीवर ठेवला.

अनसूयाबाई डब्याच्या कडीशी चाळा करत होत्या. त्या नुसत्या गप्प राहिल्या असत्या, तर भाऊ जिंकला असता, अटही खरी झाली असती आणि घरातलं पुढचं घड्याळ वाचलं असतं.

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "हे बाहेर गेल्यावर मी फिरवलं."

"काय?"

"सूर्यभान जाता जाता मले सांगून गेला, 'मास्तरीणबाई, महाराजांनी फूल उलटं लावलं, उद्या इंजन तापंल.' मले काय माहीत यांनी ते आधीच सुलट केलं म्हणून? मी चार स्क्रू काढले आन् होतं ते पालटून टाकलं."

मोरोपंत बोटांवर मोजू लागले. सूर्यभानचं, मग माझं, मग वामनरावांचं, मग अनूचं... तिसऱ्या बोटावर ते अडकले, आणि चौथ्यावर त्यांचा चेहरा उतरला. म्हणजे पाण्यात उतरलेलं फूल त्यांच्याच पद्धतीचं होतं.

"धूप फार आहे आज," उन्हाकडे पाहत ते म्हणाले.

वामनराव बायकोकडे पाहत राहिले. "तू? पण अट तर तूच घातली होती."

"घातली होती," अनसूयाबाई पाण्याकडे पाहत म्हणाल्या. "मोटर चालू नये असं मी कोठं म्हटलं होतं?"

वामनरावांना इतकं बरं वाटलं, की आपण तलावाच्या मध्यावर अडकलो आहोत हे ते विसरूनच गेले. नत्थुजी मात्र विसरला नव्हता. "आता हातानंच मारा पाणी," तो म्हणाला. सगळ्यांनी एकेक पितळी ताट उचललं. मोरोपंत उजव्या अंगाला बसून अशा जोरानं पाणी मारू लागले, की नाव जागच्या जागी डावीकडे गोल फिरू लागली.

"दादा," अनसूयाबाई म्हणाल्या, "अपसव्य होऊन राहिलं."

काठावर पोचायला त्यांना दोन तास लागले. संध्याकाळच्या गाडीनं मोरोपंत अकोल्याला गेले आणि जाताना प्रदक्षिणेविषयी काही बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी भंगारवाल्याची हाक आली. वामनरावांनी पेपर तोंडासमोर धरला. अनसूयाबाई हत्यारांची पेटी उचलून दारात गेल्या. झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि वामनरावांनी डोळे मिटून घेतले.

"हा एक पेचकस घेऊन जा," अनसूयाबाई भंगारवाल्याला सांगत होत्या. "टोक गेलं याचं. चार स्क्रू काढाले मले अर्धा तास लागला." मग त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, बाजारात जाल तेव्हा चांगले दोन आणा."